मधुराचं मागणं

माधव नगरातल्या पानशांच्या घरात एक वाक्य उठता-बसता ऐकू येई: "मधुरा आहे ना घरी." गॅसचा सिलिंडर यायचाय? मधुरा आहे ना घरी. खालच्या शैलाकाकूंना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय? मधुरा आहे. नागपूरहून मावशीच्या जावेची माणसं महाकालाच्या दर्शनाला येऊन टपकली आहेत, पहाटे त्यांना रांगेत कोण उभं करणार, मग रामघाटावर कोण फिरवणार? अहो, मधुरा आहे की. उज्जैनला घर असलेल्या माणसाला पाहुणे चुकत नाहीत, आणि त्या घरात तिशीला टेकलेली, नोकरी नसलेली मुलगी असेल तर तिची खैर नाही.

म्हणून धाकट्या इराचा निकाल लागला त्या दिवशी पेढे आणायला कोण गेलं, हे सांगायला नकोच.

इरा पानसे, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. म्हणजे आधी इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि पुढेमागे स्वतः गाडी चालवायची. परीक्षा सगळ्या झाल्या, यादीत नाव आलं. आता फक्त रतलामला मेडिकल राहिलं होतं, आणि "ती काय, फॉर्मॅलिटी असते" असं बाबांनी, म्हणजे बँकेतून रिटायर झालेल्या मधुकर पानशांनी, जाहीर करून टाकलं होतं. आई उषाताईंनी देवापुढे साखर ठेवून मधुराला पेढ्यांना पिटाळलं. मधुरा फ्रीगंजच्या दुकानात उभी राहिली. किलोभर घ्यायचे होते, तर तिच्या तोंडून "अर्धा" निघालं. दुकानदाराने विचारलं, "क्या खुशखबरी है दीदी?" तर ही म्हणते, "कुछ नहीं, ऐसे ही." बघा आता. सख्ख्या बहिणीचं एवढं सोन्यासारखं झालं, आणि बाईंनी पेढ्यांतसुद्धा हात आखडता घेतला.

तुम्ही म्हणाल, मुलगी वाईट आहे. वाईट नाही हो. इराला ताप आला की रात्र-रात्र उशाशी बसणारी हीच. पण ताप वेगळा आणि यश वेगळं. दुसऱ्याच्या तापाने पोटात दुखत नाही.

त्याचं असं होतं. लहानपणी घरी येणारा प्रत्येक माणूस दोघींना विचारायचा, "मोठी होऊन काय होणार?" इराचं उत्तर एकच. "रेल्वे चालवणार." बाबा तिला खांद्यावर घेऊन फ्रीगंजच्या पुलावर गाड्या दाखवायला उभे राहत, तेव्हापासूनचं ते खूळ. लोक हसत. मधुराचं उत्तर मात्र माणूस पाहून असे. डॉक्टर आले तर डॉक्टर, बँकेतले साहेब आले तर साहेब, शाळेतल्या बाई आल्या तर बाई. समोरचा खूश होऊन तिच्या पाठीवर हात फिरवी आणि उषाताईंना म्हणे, "तुमची मोठी फार हुशार आहे." आणि होतीच हुशार. पहिल्या नंबराखाली कधी उतरली नाही. इराला सगळे सांगत, ताईसारखं कर.

मग ताईने काय केलं? इंदूरला इंजिनिअरिंग केलं, कारण हुशार मुली तेच करत होत्या. पुण्याला कंपनीत लागली; तिथे दर रविवारी संध्याकाळपासूनच सोमवार नको वाटे, म्हणून सोडली. मग कलेक्टर व्हायचं म्हणून इंदूरचा क्लास. तो सुटला, मग बी.एड. तेही अर्धं. मग केकचा कोर्स. त्याचा ओव्हन माळ्यावर गेला तो गेलाच. दर वेळी सुरुवातीला डोळे चमकायचे, आता हेच, आता दुसरीकडे बघायचं नाही. आणि नव्याचे नऊ दिवस सरले की पुन्हा खिडकीत बसून चहा. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं आईने एकदा मावशीला फोनवर सांगितलेलं मधुराने ऐकलं. त्याचा तिला राग आला नाही, खरंच होतं ते. राग आला पुढच्या वाक्याचा. "धाकटीचं तसं नाही हो. तिचं पहिल्यापासून पक्कं."

पहिल्यापासून पक्कं. तिथेच घोडं पेंड खात होतं. मधुराला इराच्या नोकरीचा हेवा नव्हता. इंजिनातली ती धडधड, ते रात्री-बेरात्री कुठल्यातरी स्टेशनवर उतरून खोलीवर झोपणं तिला कुणी फुकट दिलं असतं तरी नको होतं. हेवा होता त्या पक्केपणाचा. सकाळी उठून ही पोरगी तोंड धुवायची आणि जाडजूड पुस्तक उघडून बसायची. आपण चुकीच्या गाडीत तर चढलो नाही ना, असा विचार तिच्या मनाला शिवतच नसे. मधुरा स्वयंपाकघरातून पोहे परतता परतता तिच्या त्या वाकलेल्या मानेकडे बघायची आणि आतल्या आत जळायची. जळून जळून एखाद दिवशी पोहेही खाली लागायचे.

आणि गेल्या चैत्रात तिने ती गोष्ट केली.

उज्जैनजवळ चिंतामण गणपतीचं देऊळ आहे. चैत्रातल्या बुधवारी तिथे जत्रा भरते. देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक बोटाने कुंकवाचं उलटं स्वस्तिक काढतात. सातिया म्हणतात त्याला. उलटा सातिया काढायचा, मनातलं मागायचं, आणि मागितलेलं मिळालं की परत येऊन सीधा काढायचा. सगळी भिंत त्या लाल खुणांनी भरलेली असते, एकावर एक, नव्यावर नवी.

त्या बुधवारी उषाताई दोन्ही मुलींना घेऊन गेल्या. "मागा गं काय मागायचं ते," म्हणाल्या. इराने बोट बुडवलं, झरझर चार रेघा ओढल्या, डोळे मिटले, उघडले, झालं. लगेच "आई, कचोरी खाऊ या का?" तिला विचार करावा लागलाच नाही. मधुराने बोट बुडवलं, उलटा सातिया काढला, आणि तशीच उभी राहिली. काय मागायचं? नोकरी? कसली? पुण्याला मिळाली होतीच की. परीक्षा पास होऊ दे? कुठली परीक्षा, तिने तर फॉर्मही भरला नव्हता. लग्न? तेही धड हवं होतं की नको, कळत नव्हतं. सुख मागावं म्हटलं, तर ते काय असतं ते गणपतीनेच विचारलं असतं तर ही काय सांगणार होती? मागून एक मावशी कोपराने ढोसायला लागल्या, "बाई, जल्दी करो ना, पीछे लाइन लगी है." मधुराने बाजूला पाहिलं. इरा ओढणीने कपाळावरचा घाम पुसत होती, निवांत, टपाल पेटीत पत्र टाकून मोकळं झालेल्या माणसासारखी. आणि मधुराच्या मनात आलं, स्वच्छ, न अडखळता, न थांबता: हिचं होऊ देऊ नकोस. निदान माझं काही होईपर्यंत तरी नको.

मग तिने हात जोडले आणि बाजूला झाली. कचोरीही खाल्ली.

आता इराचं नाव यादीत आल्यावर उषाताईंना धीर कुठला निघायला? पेढे वाटून झाले नाहीत तोच त्या कुंकवाची पुडी पर्समध्ये टाकून तयार. इरा कागदपत्रांच्या कामाला भोपाळला गेली होती. ती फोनवर म्हणाली, "आई, अभी नको जाऊस. मेडिकल होऊ दे, मग मीच जाईन ना." शैलाकाकूही जिन्यातून म्हणाल्या, "अहो, ऑर्डर हातात येऊ द्या." उषाताई कुणाच्या ऐकण्यातल्या? "देवाचं देणं ठेवू नये," म्हणाल्या. "मधुरा, गाडी काढ."

मधुराने स्कूटी काढली. भिंतीशी पोचल्यावर आई विचारते, "इराचा कुठला गं?" अग बाई, हजारोंमध्ये एक सातिया शोधायचा म्हणजे काय? शेवटी उषाताईंनी रिकामी जागा बघून नवा सीधा सातिया काढला, ठसठशीत, आणि भिंतीला कपाळ टेकवलं. उठल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर दुसऱ्याच कुणाच्या तरी नवसाचं कुंकू लागलेलं होतं. त्या आनंदाने मधुराकडे वळून म्हणाल्या, "तुझाही होईल गं सीधा. तू काय मागितलं होतंस?" मधुरा म्हणाली, "सांगायचं नसतं ते." आणि मनात म्हणाली, माझा नाहीच होणार आता, बरं झालं. तेवढं एक समाधान तिच्यापाशी होतं: मागितलं ते वाईट होतं, पण देवाने ऐकलं नाही. म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही.

पण बिघडायचं बाकी होतं.

माघात इरा बाबांबरोबर रतलामला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. दारात चपला काढल्या, खोलीत गेली, दार लावून घेतलं. बाबा सोफ्यावर बसले आणि बुटांचे बंद सोडायचं विसरले. "उजवा डोळा," ते म्हणाले. "चष्म्याशिवाय दूरचं पुरेसं दिसत नाही म्हणतात. गाडी चालवणाऱ्याला ते चालत नाही." मग अपील केलं, पुन्हा मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, तेही तेच म्हणाले. संपलं.

बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मधुरा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला काय वाटलं ते खरं सांगायचं तर हलकं वाटलं. अगदी पापणी लवेपर्यंतच, पण वाटलं. आता घरात आपण एकट्या नाही. आणि दुसऱ्या क्षणी तिला चैत्रातली ती भिंत आठवली. आपण मागितलं होतं. मागितलं तसंच झालं. इराचं झालं नाही, आणि हिचंही अजून काही झालेलं नव्हतं, शब्दाला शब्द. मागितलेलं मिळालं की सातिया सीधा करायचा असतो. मग काय, आता कुंकू घेऊन जायचं आणि गणपतीचे आभार मानायचे?

तुम्हाला वाटेल, आता तरी तिची जळजळ थांबली असेल. कसली थांबते. उलट वाढली.

कारण इराच्या दुःखाला घर अपुरं पडायला लागलं. शैलाकाकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. नागपूरहून मावशीने रोज फोन करायचा, "बिचारी गं माझी." कापडावर भैरवगढचे छापे घालणारे बाबांचे जुने बँकेतले गिऱ्हाईक, ते तर लाल ठशांची सुंदर चादर घेऊन आले, "बिटिया के लिए." बाबा तासन् तास इराच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत. मधुरा पुण्याची नोकरी सोडून आली होती तेव्हा बाबांनी पेपरचं पान उलटलं होतं आणि विचारलं होतं, "कारण काय?" कारण सांगता आलं नव्हतं. इराला कारण होतं. उजवा डोळा. डॉक्टरने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं कारण. तिचं अपयशसुद्धा पक्कं होतं, मधुराच्या कुठल्याही यशापेक्षा पक्कं. आणि मधुराला आजपर्यंत कुणी, कुणी म्हणजे कुणीच, बिचारी म्हटलं नव्हतं. चादरीची घडी घालता घालता ती मनात म्हणाली, मला कुणी रुमाल तरी दिला का कधी? म्हणाली आणि स्वतःचीच तिला शिसारी आली.

त्यात आई आणि इराचं वाजलं.

जेवायला बसल्या होत्या. उषाताई भात वाढत म्हणाल्या, "दैव देतं आणि कर्म नेतं." एवढंच. इराने हातातला घास खाली ठेवला. "कर्म कुणाचं, आई? मी नको म्हणाले होते ना? मेडिकल होऊ दे म्हणाले होते. तू जाऊन सातिया सीधा करून आलीस. देवाला वाटलं, यांचं झालं काम. त्याने आपलं लक्ष काढून घेतलं." इरा काही देवभोळी नव्हती. पण माणसाला कुणावर तरी फोडायला खापर लागतं, आणि आईचं डोकं सगळ्यांत जवळ असतं. उषाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनाही मनातून तेच वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.  संध्याकाळी देवापुढे दिवा लावून म्हणाल्या, "पाच बुधवार अनवाणी चिंतामणला जाईन. चालत. माझी घाई मला भोवू दे, पोरीला नको."

साठीची बाई, गुडघे धरलेले, आणि सात-आठ किलोमीटर अनवाणी. बाबा म्हणाले, "एकटीने नाही जायचं." उषाताई म्हणाल्या, "मधुरा आहे ना."

पहिल्या बुधवारी उषाताई पुढे चालत आणि मधुरा मागून स्कूटीवर, गाडी चालण्याच्या वेगाने रेटत. शिप्रेच्या पुलापर्यंत बाई ठीक होत्या. पुढे खडी लागली. मधुरा मधूनमधून विचारी, "पाणी हवंय का?" उषाताई मान हलवत. मधुराला त्या पावलांकडे बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडे नेता येत नव्हती. सांगून टाकावं, प्रत्येक खांबाशी तिला वाटे. पुढच्या वळणावर सांगू. देऊळ येऊ दे मग सांगू. देऊळ आलं. उषाताईंनी भिंतीशी कान धरले, चार-पाच उठाबशा काढायचा प्रयत्न केला, एक जेमतेम जमली. मधुराने त्यांना मागे बसवून घरी आणलं आणि तळव्यांना हळद-तेल लावलं. आई म्हणाली, "किती करतेस गं माझं." मधुराने तेलाची वाटी उचलून आत नेली. सांगितलं तर इरा तोंड पाहायची नाही, कायमची. नाही सांगितलं तर आई अजून चार बुधवार चालणार. एका पारड्यात बहीण, दुसऱ्यात आईचे पाय. आणि ही आपली नेहमीसारखी मधोमध उभी.

दुसरा बुधवार उजाडला. उषाताई बाहेरच्या खोलीत बसून तळव्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. बाबा दूध आणायला गेले होते. इरा पाणी प्यायला बाहेर आली होती, केस विस्कटलेले. आईचं आणि तिचं अजूनही बोलणं नव्हतं. स्कूटीची किल्ली मधुराच्या हातात होती.

"आई, तू जाऊ नकोस," मधुरा म्हणाली.

"बोललेय मी देवाला."

"तुझी चूक नाहीये. माझी आहे."

उषाताईंनी पट्टीची गाठ मारली. "तू गाडी चालवलीस एवढंच. तुझी कसली चूक?"

"चैत्रात मी पण उलटा सातिया काढला होता. मी मागितलं होतं की इराचं होऊ नये." मग तिला वाटलं, अर्धं सांगून उपयोग नाही. "माझं काही होईपर्यंत होऊ नये."

 आत कुकरची शिट्टी झाली आणि नेहमीप्रमाणे मधुराचा पाय गॅस बंद करायला उचलला गेला; मग ती थांबली.

इराने पेला खाली ठेवला. "अडखळलीस का मागताना?"

"काय?"

"तू हॉटेलात डोसा मागताना अडखळतेस, ताई. साधा की मसाला, तेवढं तुझं ठरत नाही. हे मागताना अडखळलीस का?"

मधुरा म्हणाली, "नाही."

"छान," इरा म्हणाली. "एक तरी गोष्ट तुला नक्की हवी होती."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. भांडी आपटली असती, रडली असती, तर मधुरालाही रडता आलं असतं. हे वाक्य मात्र तिच्या छातीत जाऊन बसलं, कारण त्यात काढून टाकण्यासारखं खोटं काही नव्हतं.

उषाताईंनी पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडायला सुरुवात केली. एक सोडली, दुसरी सोडली. "माझ्या पायांची सालटी निघत होती," त्या म्हणाल्या, "तेव्हा तू मागे गाडीवर होतीस."

"हो."

"पाणी विचारत होतीस."

"हो, आई."

"आम्ही तीस वर्षं त्या गणपतीकडे काय काय मागितलं. धडपणे एक ऐकलं नाही त्याने. ऐकलं तर तुझं हे ऐकलं." त्यांनी सोडलेल्या पट्ट्यांची घडी घातली. "देवाला बोललेलं सोडता येत नाही. मी पाच बोललेय. एक झाला. उरलेले तू चालायचे. आत्ता निघ, चपला काढ. आणि इरा, तू गाडी घेऊन हिच्या मागे जा."

"मी कशाला?" इरा म्हणाली.

"ही अर्ध्यातून परत येईल. हिचा भरवसा नाही."

तशा दोघी निघाल्या. पुढे मधुरा अनवाणी, मागे स्कूटीवर इरा. इरा एक शब्द बोलत नव्हती. मधुराचा वेग कमी झाला की मागून हॉर्न वाजे, तेवढाच. फ्रीगंजात ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, "काय गं, नवस का?" मधुरा म्हणाली, "हो, फेडायचाय." पुलावर वारा गार होता. पुढे खडी लागली तेव्हा तिला कळलं की आईने वाटेत तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तिच्या स्वतःच्या तोंडून तर दर दहा पावलांना "आई गं" निघत होतं. परत फिरावं असं तिला वाटलं का? वाटलं ना. एकदा नाही, कितीदा तरी. पण मागे हॉर्न होता.

देऊळ दिसायला लागतं त्याच्या थोडं अलीकडे रस्त्यावरून रेल्वेचा रूळ दिसतो. तिथे मधुरा दगडावर टेकली. तळव्यात काहीतरी रुतलं होतं, ते काढत होती. मागची स्कूटी बंद झाली. हॉर्न वाजला नाही, म्हणून तिने वळून पाहिलं.

एक गाडी येत होती. लहानशी, चार डब्यांची पॅसेंजर. इरा स्कूटीवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती, हात बाजूला सोडून, शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतात तशी. इंजिन गेलं, डबे गेले, शेवटचा डबा झाडांआड गेला, तरी ती तिथेच. मग तिने ओढणीने तोंड पुसलं. लपवून नाही, सरळ, नाक शिंकरून पुसलं.

"आता मी काय करू?" ती म्हणाली. मधुराला म्हणाली असं नाही. रुळाकडे बघून म्हणाली. पण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मधुराकडे याची उत्तरं ढिगाने होती. बँकेच्या परीक्षा, स्टेशन मास्तरची जागा, एखादा कोर्स. या विषयात तिचा हात धरणारं उज्जैनात कुणी नसेल. ती म्हणाली, "मला माहीत नाही."

"तुझं कसं निभतं गं?" इराने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "काहीच ठरलेलं नसताना सकाळी उठून तू करतेस काय?"

"उठते. चहा करते. कुणाचं काही काम असेल ते करते. मग तू पुस्तक घेऊन बसलेली दिसायचीस, मग तुझ्यावर जळते."

"आता तर पुस्तक पण माळ्यावर गेलं."

"तरी जळते."

"आता कशावर?" इराचा आवाज चढला. "आता काय राहिलंय माझ्यापाशी, जळायला?"

"आत्ता तू रडलीस ना, गाडी बघून," मधुरा म्हणाली. "त्यावर."

इराला ते समजलं नसावं.  मधुराला मात्र बोलून गेल्यावर समजलं. पुण्याची नोकरी सोडली तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. क्लास सोडला तेव्हा नाही, बी.एड. सोडलं तेव्हा नाही, ओव्हन माळ्यावर चढवला तेव्हा नाही. सुटलं म्हणून बरंच वाटलं होतं दर वेळी. इतक्या वर्षांत तिने असं काही धरलंच नव्हतं, की जे हातातून गेल्यावर रस्त्यात उभं राहून रडावं. आणि हे कळल्यावर ती तिथेच, त्या दगडावर, तळवा मांडीवर धरून हुंदके देऊन रडायला लागली. रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवरची माणसं वळून वळून बघत गेली.

इराने तिला जवळ घेतलं नाही. तेवढं मन तिचं झालं नाही, आणि का व्हावं? तिने डिकीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः प्यायली, मग उरलेली बहिणीच्या पायांवर ओतली.

"झालं का?" ती म्हणाली. "चल. अजून देऊळ यायचंय."